स्पर्धा नेमकी कुणाशी?

बारावीचं वर्ष लागलं की घरात अभ्यासाच्या जोडीने सूचनाही सुरू होतात. क्लासच्या नोट्स कुणाला देऊ नकोस, कुठली टेस्ट सीरिज लावलीयस ते सांगत बसू नकोस. समोरच्यांच्या मुलाला किती मार्क पडले ते मात्र विचारून ये. यामागची काळजी खोटी नाही. २०२५ मध्ये ‘नीट’ला २२ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. यूपीएससीच्या २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेतून अखेर शिफारस झाली ती १००९ जणांची. हे आकडे डोक्यात असताना समोरच्यांच्या मुलाचं मनापासून कौतुक करायला मोठं काळीज लागतं.

पण हाच हिशेब आणखी थोडा पुढे नेऊन पाहावा. एमएचटी-सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो, म्हणजे आपण किती टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे आहोत ते कळतं. समजा, तीन लाख मुलं परीक्षेला बसली. वर्षभर ज्याला आपण गणित समजावलं तो मित्रच आपल्या पुढे गेला, तर आपला पर्सेंटाइल घसरतो साधारण ०.०००३ ने. फरक पडतो तो दशांश चिन्हानंतरच्या चौथ्या घरात! एखाद्या कॉलेजातली नेमकी शेवटची जागा दोघांमध्ये अडकली तरच खरा तोटा, आणि असा योग विरळाच. उलट समजावून सांगताना स्वतःचं गणित पक्कं झालेलं असतं, ते या हिशेबात धरलेलंच नाही.

करिअर निवडताना म्हणूनच आधी एक गोष्ट तपासावी: या परीक्षेत जागा मोजक्या आहेत, की फक्त पातळी ठरलेली आहे? सीएच्या परीक्षेत प्रत्येक पेपरला किमान ४० टक्के आणि ग्रुपमध्ये एकूण ५० टक्के मिळाले की विद्यार्थी उत्तीर्ण. जागांना मर्यादा नाही. परीक्षा अवघड आहेच, पण मैत्रीण पास झाली म्हणून कुणी नापास होत नाही. दहावीत ३५ ची रेषाही तशीच; तेच गुण अकरावी प्रवेशाच्या यादीत गेले की मात्र क्रमवारी सुरू होते. एमपीएससी, बँका, रेल्वे इथे जागा मोजूनच असतात.

आणि त्या मोजक्या जागांच्या स्पर्धेला सरसकट नावं ठेवणं मुंबईच्या गिरणगावातल्या, वरळी-परळच्या माणसाला तरी शोभणार नाही. गिरणीत चिकटायचं तर पूर्वी जॉबरची ओळख लागे, गाववाल्याचा शब्द लागे. गावचा माणूस गावच्या पोराला आत घेई, त्याच्या राहण्याजेवणाची सोय बघे. सहकार्यच होतं ते, आणि त्यावर हजारो घरं उभी राहिली. पण ज्याची ओळख नव्हती तो गेटाबाहेरच राहिला. १९८२ च्या गिरणी संपानंतर ती वाट बंद होत गेली, तेव्हा ज्यांच्या मागे वशिला नव्हता अशा मुलांच्या हाती स्पर्धा परीक्षा उरली. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला उमेदवाराचं गाव ठाऊक नसतं. सहकार्याच्या गोडव्यात ही बाजू हटकून विसरली जाते.

मग एकत्र अभ्यासाचं काय? वरळीच्या बीडीडी चाळींमध्ये हा प्रश्न आता नव्याने पडणार आहे. १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळींत खोली १६० चौरस फुटांची. घरात मान मोडून वाचायला जागा नाही, म्हणून मुलं व्हरांड्यात, जिन्यात, अभ्यासिकेत जाऊन बसत आणि आपसूक एकमेकांना विचारत. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ज्यांनी शंभर वर्षं दाटीवाटीत काढली त्यांना बंद करता येणारं दार मिळालं, हे चांगलंच झालं. फक्त त्या दारामागे अभ्यास आपोआप सुधारेल, असं कुणी धरून चालू नये.

अमेरिकेत बर्कली विद्यापीठात युरी ट्रीसमन यांनी १९७० च्या दशकात यावरच बोट ठेवलं होतं. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे का पडतात, हा त्यांचा प्रश्न. घरची गरिबी, कच्ची तयारी, जिद्दीचा अभाव, असे तर्क प्राध्यापकांनी केले होते. ट्रीसमन मुलांबरोबर राहून पाहू लागले तेव्हा वेगळंच दिसलं. ही मुलं तासन्‌तास राबत होती, पण एकेकटी. चिनी वंशाची मुलं आधी स्वतंत्रपणे गणितं सोडवत, मग एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढत. ट्रीसमन यांनी मागे पडणाऱ्यांसाठी गटात सोडवायची, मुद्दाम कठीण गणितं असलेली कार्यशाळा सुरू केली आणि निकाल सुधारले. यातला ‘आधी स्वतंत्रपणे’ हा भाग मोलाचा आहे. तो गाळला की गटाचा अड्डा होतो: एक जण सोडवतो, तिघं उतरवून घेतात आणि चौघांनाही वाटतं की धडा झाला.

पुढे निवड करणारेही एकट्याची तयारी आणि गटातलं वागणं या दोन्ही गोष्टी पाहतात. एनडीएची लेखी परीक्षा ९०० गुणांची आणि त्यानंतरची एसएसबी मुलाखतही ९०० गुणांचीच. लेखी परीक्षेत उमेदवार एकटा असतो. एसएसबीत अनोळखी मुलांच्या गटाला फळ्या, दोर, ओंडके देऊन अडथळे पार करायला सांगतात. इतरांना मागे सारून स्वतःच हुकूम सोडणारा तिथे चमकत नाही आणि नुसती मान डोलावणाराही नाही. कबड्डीतही असंच आहे. चढाईला गडी एकटाच जातो; तो बाद झाला तर साथीदारांनी समोरचा गडी बाद केल्यावर परत मैदानात येतो. प्रो कबड्डीची पहिली लढत २६ जुलै २०१४ रोजी वरळीच्याच एनएससीआय स्टेडियमवर झाली, पण हा नियम इथल्या गल्लीतल्या पोरांना त्याआधीपासून पाठ.

अभ्यासाचा गट करायचाच तर तिघाचौघांचा पुरे. प्रत्येकाने सोडवून आणल्याशिवाय बसायचं नाही. दर वेळी समजावणारा वेगळा असावा, अगदी सगळ्यात कच्चा असलेलासुद्धा. उलट त्याला तर आधी उभं करावं. पालकांनी मुलांच्या मार्कांची तुलना गटापर्यंत नेऊ नये, नाहीतर महिन्याभरात मुलं खोटे मार्क सांगू लागतात. आणि हे सगळं अकरावीच्या दिवाळीआधी जमवावं. परीक्षेच्या तोंडावर एकत्र आलेली मुलं एकमेकांना धास्तीच तेवढी वाटतात.