पियानोचा स्वाध्याय

फ्रान्सच्या राजदरबारातील संगीतकार फ्रांस्वा कूपरँ याने १७१६ साली हार्प्सिकॉर्ड या वाद्याच्या वादनकलेवर एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. हार्प्सिकॉर्ड म्हणजे पियानोच्या आधीचे, तारा छेडून वाजणारे पट्ट्यांचे वाद्य. कूपरँच्या मते आरंभीच्या काळात मुलांना शिक्षकाच्या गैरहजेरीत सराव करू देऊ नये. तो स्वतः शिकवणी संपवून निघताना वाद्याला कुलूप लावी आणि किल्ली बरोबर नेत असे. पाऊण तास खपून हाताला जे वळण लावले, ते मूल एका क्षणात बिघडवून टाकील अशी त्याला धास्ती होती.

पुस्तकाच्या आधाराने एकट्यानेच पियानो शिकू पाहणाऱ्या माणसाच्या हाती ती किल्ली पहिल्या दिवसापासून असते. म्हणून त्याने कूपरँची धास्ती खरी मानून चालावे. बोटे चुकीचे वळणही योग्य वळणाइतक्याच निष्ठेने लक्षात ठेवतात, आणि ते मोडावयास मूळ शिक्षणापेक्षा अधिक काळ लागतो. कूपरँनेच पुढे एक उपायही सुचविला आहे. वाजविताना ज्यांना तोंड वेडेवाकडे करण्याची खोड आहे, त्यांनी वाद्यावर समोर आरसा ठेवावा, असे तो म्हणतो. शिक्षक नसेल तेथे आरसा हवा, एवढाच याचा मथितार्थ. हाताच्या बाजूला ठेवलेला आरसा आणि स्वतःच्या वादनाचे ध्वनिमुद्रण, ही दोन साधने स्वाध्यायी विद्यार्थ्याने जवळ बाळगावी. ध्वनिमुद्रण आज खिशातल्या फोनवरही होते. ते दुसऱ्या दिवशी ऐकावे, म्हणजे कान थोडा परका होतो आणि दोष स्पष्ट दिसू लागतात.

आपल्याकडील पुष्कळ विद्यार्थी पियानोकडे पेटीवरून येतात. पट्ट्यांची मांडणी तीच असल्यामुळे अर्धे काम झालेच, असे त्यांना वाटते. स्वरांची जागा शोधण्यापुरते ते खरेही आहे. परंतु पेटीत पट्टी दाबली म्हणजे हवेला फक्त वाट मोकळी होते. नाद लहान की मोठा हे भात्यावरचा हात ठरवितो, आणि बोट पट्टीवर असेपर्यंत स्वर टिकतो. पियानोची पट्टी जेमतेम एक सेंटिमीटर खाली जाते. तेवढ्या प्रवासात ती एका हातोडीला तारेकडे उडविते. हातोडी तारेवर आपटण्याच्या किंचित आधीच पट्टीपासून सुटलेली असते. त्यानंतर बोटाने कितीही जोर केला तरी त्या स्वरात काडीचाही फरक पडत नाही. तो आपोआप मावळू लागतो. पट्टी सोडली की फेल्टची गादी तारेवर टेकते आणि स्वर थांबतो. म्हणजे वादकाच्या हाती दोनच गोष्टी उरतात: पट्टी किती वेगाने खाली न्यावयाची आणि ती केव्हा सोडावयाची. पेटीवाला विद्यार्थी स्वर उमटल्यावरही पट्टी दाबून धरतो. तो सारा जोर व्यर्थ जातो आणि मनगटात साठत राहतो.

हा प्रश्न केवळ नादमाधुर्याचा नाही. जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमान याच्या उजव्या हाताचे एक बोट १८३२ च्या सुमारास, ऐन बाविशीत, निकामी झाले आणि पियानोवादक होण्याची त्याची उमेद संपली. बोटांना बळ आणण्यासाठी वापरलेल्या एका यंत्रामुळे हे घडले असे पुष्कळदा सांगतात. कारणाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. तरीही नियम करण्याजोगी गोष्ट एवढी आहे की वाजविताना दुखू लागले तर थांबावे. दुखणे सहन केल्याने बोट बळकट होते ही समजूत चुकीची आहे. बैठक अशी असावी की कोपर पट्ट्यांच्या पातळीवर येईल. खुर्चीच्या पुढच्या निम्म्या भागावर बसावे आणि पावले जमिनीला टेकवावी.

हात कोठे ठेवावा? बहुतेक पुस्तके अंगठा पांढरी एकवर ठेवून आरंभ करतात, कारण तेथून नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर बिलावल थाटाचे सप्तक मिळते. वाचनाला ते सोपे असले तरी हाताला नव्हे. पॅरिसमध्ये अनेक वर्षे शिकवण्या करणारा शोपाँ आपल्या विद्यार्थ्यांचा उजवा हात निराळ्या जागी ठेवीत असे. पेटीवाल्यांच्या भाषेत सांगावयाचे तर अंगठा पांढरी तीनवर, तर्जनी काळी तीनवर, मध्यमा काळी चारवर, अनामिका काळी पाचवर आणि करंगळी पांढरी सातवर. यात लांब बोटे उंच, काळ्या पट्ट्यांवर येतात. अंगठा व करंगळी ही आखूड बोटे पांढऱ्यांवर राहतात आणि तळहात आपोआप गोलसर होतो. केवळ पांढऱ्या पट्ट्यांचे सप्तक त्याच्या मते वाचावयास सर्वांत सोपे आणि वाजवावयास सर्वांत कठीण. रोज आरंभी पाच मिनिटे हे पाच स्वर, एकेक करून, अगदी सावकाश वाजवावे. पाचही स्वर सारख्या बळाने उमटतात का, हे कानाने तपासावे. अनामिकेचा स्वर बहुधा दुबळा निघेल. त्यासाठी अनामिकेला धाक न दाखविता इतर बोटांचा जोर कमी करणे हा बरा मार्ग.

घरी खरा पियानो नसला तर विजेवर चालणारा कीबोर्ड चालेल. मात्र पट्टी हळू वा जलद दाबल्यास त्याचा नाद लहानमोठा झाला पाहिजे. कोणती पट्टी दाबावी हे दिवे लावून दाखविणारे कीबोर्डही मिळतात. माझ्या मते ते शिक्षणास घातक आहेत, कारण त्यांत डोळा दिव्यामागे धावतो आणि कानाला काम उरत नाही. पाच रेघांचे स्वरलेखन शिकण्यास काही आठवडे लागतात, पण त्यानंतर विद्यार्थी कोणाच्याही दिव्यावर अवलंबून राहत नाही.

तानपुऱ्यावर तयार झालेल्या कानाला आणखी एक अडचण जाणवेल. पियानोत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात, त्यामुळे त्याचा शुद्ध गंधार तानपुऱ्यात ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्श्याने चढा असतो. पियानोचा सराव तानपुऱ्याबरोबर करू नये.

खरी कसोटी दोन हात एकत्र आणताना लागते. पेटीवाल्याचा डावा हात भात्यात गुंतलेला असल्याने त्याची बोटे अशिक्षित राहिलेली असतात. बेला बार्तोक या हंगेरियन संगीतकाराची ‘मिक्रोकॉसमॉस’ ही १५३ रचनांची, सहा भागांची माला या कामी फार उपयोगी आहे. तिच्या आरंभीच्या रचनांत दोन्ही हात एकच चाल एका सप्तकाच्या अंतराने वाजवितात. एकाच सुरावटीवर पोसलेल्या आपल्या कानाला हे सहज पटते, आणि डाव्या हाताला मान खाली घालून मागे चालावे लागत नाही.

त्यानंतर बाखची पत्नी आना माग्दालेना हिच्या १७२५ च्या वहीतील जी मेजरमधील मिन्युएट घ्यावा. तो दीर्घकाळ बाखच्या नावावर खपला. तो क्रिस्टियान पेट्सोल्ड याचा असल्याचे विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात ध्यानात आले. आरंभीचे दोन खंड उजव्या हाताच्या पाच बोटांत मावतात. डाव्या हाताची गती सावकाश, पण त्याची चाल स्वतंत्र आहे. ती आधी सरगम म्हणून तोंडाने गावी आणि त्याच वेळी उजव्या हाताने वरची चाल वाजवावी. मग उलट करावे. गळ्याने जे वेगळे धरता येते ते बोटांनाही वेगळे धरता येते, आणि गाण्याची सवय असलेल्यास येथे पाश्चात्त्य विद्यार्थ्यापेक्षा सोयच आहे. हात एकत्र करताना एका वेळी दोनच खंड घ्यावे, मात्रा मोठ्याने मोजाव्या आणि चूक न होईल इतकी लय उतरवावी. लागोपाठ तीनदा निर्दोष वाजल्याशिवाय पुढचा खंड उघडू नये. दिवसातून दोनदा वीस वीस मिनिटे बसणे हे रविवारी तीन तास बसण्यापेक्षा पुष्कळ बरे.

पायाखालचे उजवे पेडल फेल्टच्या गाद्या उचलून धरते व सगळे स्वर एकमेकांत मिसळते. त्यामुळे वादन एकाएकी भरदार वाटू लागते आणि बोट वेळेवर न सोडल्याचा दोष ऐकूच येत नाही. मिन्युएट पेडलाविना स्वच्छ वाजेपर्यंत पाय तेथे नेऊ नये.