स्क्रू की करवत?

खामगाव

चि. बाळ यास,


थोरल्या काकांच्या जुन्या स्ट्रॅटोकास्टरला ब्रिजपाशी हंबकर पिकअप बसवायचा, त्यासाठी लाकूड कोरायचं आणि रंगही नवा द्यायचा, असं तू लिहिलंस. गिटार आता तुझी, वाजवणाराही तूच. ती नुसती कपाटात जपून ठेव, असं मी सांगणार नाही.

लिओ फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. १९५४ साली त्यांनी ही गिटार आणली तेव्हा तिची मानसुद्धा स्क्रूने जोडली होती. बिघडलेला भाग काढावा, दुसरा लावावा, हा त्यामागचा विचार. म्हणून माझा नियम सोपा आहे: स्क्रू असेल तिथे हात घाल, करवत लागेल तिथे थांब.

झिजलेले फ्रेट बदल. आपल्याकडच्या वैशाखात फ्रेटबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं बोटांना टोचतात. ती घासून घे. आवाज कमी-जास्त करणारा पॉट खरखरत असेल तर आधी साफ कर, नाहीच सुधारला तर बदल. पण त्याच्या पाठीवरचा आकडा वाचून ठेव. १३७६६१४ असेल, तर तो पॉट १९६६ च्या चौदाव्या आठवड्यातला, म्हणजे पॉट मूळचा असेल तर गिटार त्यानंतरची. काढलेला प्रत्येक भाग पाकिटात घालून वर नाव लिही.

रंगाला मात्र हात लावू नकोस. चांदी आटवली की वजन उरतं, घडण जाते, हे खामगावसारख्या चांदीच्या गावातल्या पोराला वेगळं सांगायला नको.

तू गिटारवादक डेव्हिड गिल्मोरचा दाखला दिलास. त्याने आपल्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरची मान अनेकदा बदलली, बॉडीतही फेरफार केले, तरी २०१९ च्या लिलावात तिला ३९ लाख ७५ हजार डॉलर आले. खरं आहे. पण ती किंमत त्याच्या वाजवण्याची. शिवाय १९७० साली त्याने ती घेतली तेव्हा ती दुकानातली चालू गिटार होती. बिघडली असती तर दुसरी मिळाली असती. तुझ्या हातातली तशी मिळणार नाही.

हंबकरचाच आवाज हवा असेल, तर मूळच्या सिंगल कॉइल पिकअपच्या मापाचे हंबकर मिळतात. ते न कोरता बसतात. तेही पटलं नाही, तर नवी बॉडी घेऊन ती हवी तशी कोर आणि जुनी बॉडी जपून ठेव. दिवाळीला येशील तेव्हा गिटार आण. फ्रेट आपण मिळून पाहू.

तुझा,
मामा