थरांची भाषा वाचणारा शास्त्रज्ञ



अजिंठ्याच्या सातकुंडातून उड्या घेत निघालेली वाघूर नदी आपल्या पहूरवरून पुढे तापीला जाऊन मिळते. ज्या काळ्या पाषाणात भिक्खूसंघासाठी लेणी कोरली गेली, तो पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा होय. त्याला अग्निजन्य खडक म्हणतात. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग याच खडकाने व्यापला आहे. परंतु नदी दरवर्षी गोटे, वाळू व पोयटा आणून टाकते, ते थरावर थर साचतात, आणि दीर्घ काळानंतर दाबाने घट्ट होऊन त्यांचा खडक बनतो. हे स्तरित खडक. त्यांचा क्रम लावून पृथ्वीचा इतिहास सांगणाऱ्या शास्त्रास स्तरशास्त्र असे नाव आहे.

या शास्त्राचा पाया अगदी साधा आहे. थर उलथापालथ झालेले नसतील, तर खालचा आधीचा आणि वरचा नंतरचा. निकोलस स्टेनो याने १६६९ साली हे मांडले. ग्रंथात लिहिले आहे किंवा परंपरेने चालत आले आहे एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. भूशास्त्रज्ञाचे काम त्याच वाटेने चालते. थर समोर उभा असतो. या आणि पाहा.

इंग्लंडमधील विल्यम स्मिथ (१७६९-१८३९) हा लोहाराचा मुलगा. शाळा बेताचीच. कालवे खोदण्याच्या मोजणीचे काम करता करता त्याच्या लक्षात आले की, प्रत्येक थरात ठराविक जीवाश्म सापडतात व त्यांवरून दूरदूरचे थर एकमेकांशी जुळवता येतात. १८१५ मध्ये त्याने देशाचा मोठा भूशास्त्रीय नकाशा प्रसिद्ध केला. तरीही लंडनच्या भूशास्त्र संस्थेतील प्रतिष्ठित मंडळींनी त्याला आपल्यात घेतले नाही. उलट १८२० मध्ये स्वतःचा वेगळा नकाशा काढला. त्याआधीच, १८१९ मध्ये, कर्जापायी त्याला तुरुंगात जावे लागले होते. त्याच संस्थेने १८३१ साली आपले पहिले वोलॅस्टन पदक त्याला दिले. विद्या कोणाची, हा प्रश्न केवळ आपल्याच देशात विचारला गेला असे नाही.

आता आपल्या खानदेशाकडे येऊ. चाळीसगाव तालुक्यात, पितळखोऱ्याच्या लेण्यांच्या डोंगराखाली, पाटणे हे गाव आहे. तेथे १९७० च्या दशकाच्या प्रारंभी पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी उत्खनन केले. ते भूशास्त्रज्ञ नव्हते, पण त्यांचे सारे निष्कर्ष थरांच्या क्रमावरच उभे आहेत. गाळाच्या खालच्या थरांत जुन्या अश्मयुगातील हत्यारे, त्यावर उत्तर पुराश्मयुगातील पाती, आणि सर्वांत वर सूक्ष्मास्त्रे. मधल्या थरांत शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे निघाले. त्यांतील एकावर माणसाने आडव्यातिडव्या रेघांची नक्षी कोरलेली आहे. कार्बन पद्धतीने त्याचे वय सुमारे २५,००० वर्षे आले. शहामृग हा कोरड्या, उघड्या माळरानाचा पक्षी. तेव्हा एका तुकड्यावरून माणसाची कलादृष्टीही कळली आणि त्या वेळच्या हवामानाचाही अंदाज आला. मात्र तो तुकडा नेमक्या कोणत्या थरातून आला याची नोंद नसती, तर ते नुसते सुंदर टरफल ठरले असते.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्रा. ह. धी. सांकलिया यांच्या परंपरेत डॉ. शरद राजगुरू यांनी भूशास्त्रज्ञ म्हणून हेच काम आयुष्यभर केले. मुळा-मुठा, प्रवरा या नद्यांचे गाळ त्यांनी तपासले. जुन्नरजवळील बोरी येथे कुकडीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला. राजगुरू व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये तिचे वय सुमारे ६ लाख ७० हजार वर्षे मांडले. इतरांनी ती सुमात्रातील तोबा ज्वालामुखीची, सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीची, असल्याचे प्रतिपादन केले. मोठ्या नावामुळे वाद मिटला नाही. मिटूही नये. पुरावा पुन्हा तपासावा लागतो, हीच या शास्त्राची शिस्त.

यात पोटाचा प्रश्नही आहे, आणि पाण्याचा तर आहेच. कोळसा व खनिज तेल मुख्यतः स्तरित खडकांत मिळते. चंद्रपूरचा कोळसा त्यातलाच. तापीच्या खोऱ्यातील गाळ काही ठिकाणी तीनशे मीटरहून अधिक जाड आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी गोट्यांचा व वाळूचा पट्टा असून पाणी तेथूनच खोलवर मुरते. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात उपशामुळे विहिरींची पातळी खाली गेली आहे. बंधारा कोठे घातल्यास पाणी मुरेल आणि कोठे चिकणमातीवर नुसते साचून वाळेल, हे थर पाहूनच सांगता येते. पाण्याला स्पर्श करण्यासाठी ज्या समाजाला २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले, त्या समाजातील मुलामुलींनी गावाची विहीर कोठे खोदावी हे सांगणारे शास्त्र शिकावे, असे मला फार वाटते.

त्यासाठी बारावीला विज्ञान शाखा घ्यावी. पुणे, नागपूर, अमरावती येथे भूशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. त्यानंतर केंद्रीय लोकसेवा आयोगाची संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा देता येते. तिच्यातून १८५१ साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात व केंद्रीय भूजल मंडळात नेमणुका होतात. अनुसूचित जातीच्या उमेदवारांना परीक्षा शुल्क नाही आणि वयात पाच वर्षांची सवलत आहे. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. नोकरीत उन्हातान्हात हिंडावे लागते, हे आधीच ध्यानात घ्यावे. हातोडी, होकायंत्र, भिंग आणि वही एवढेच साहित्य सुरुवातीला लागते. वहीत थरांची नोंद मात्र तळापासून वर करायची असते.