नाव खरे, पत्ता खोटा

धारला पवारांचे एकच संस्थान होते. देवासला मात्र १९४८ पर्यंत थोरली व धाकटी अशा दोन पात्या होत्या. त्यामुळे नुसते ‘देवास दरबार’ म्हणणे अपुरे ठरे.

इंटरनेटवरही नावामागील नेमके ठिकाण महत्त्वाचे असते. नावावरून अंकी पत्ता सांगणारी ‘डीएनएस’ व्यवस्था मुळात उत्तराची सत्यता पडताळत नव्हती. मधल्या संगणकाच्या स्मृतीत खोटा पत्ता सहज पेरता येतो, हे २००८ मध्ये डॅन कामिन्स्की यांनी दाखविले. अशा वेळी बँकेचे नाव अचूक लिहूनही खातेदार ठकाच्या दारी पोचतो.

उत्तरावर संगणकीय स्वाक्षरी करणारी ‘डीएनएससेक’ पद्धत २०१० मध्ये या व्यवस्थेच्या मूळ स्तरावर लागू झाली. तथापि प्रत्येक नावाला ते संरक्षण लाभलेले नाही. म्हणून संगणकाने वा मोबाईलने धोक्याची सूचना दिल्यास खातेदाराने तेथेच थांबावे. परवलीचा शब्द देऊ नये.