कण्याची शस्त्रक्रिया, घरचा व्यायाम आणि मोबाईल

चर्चगेटपासून विरार सुमारे ६० किलोमीटर अंतरावर आहे. धडधाकट माणसालाही कष्टप्रद वाटणारा हा लोकलचा प्रवास, पाठीच्या कण्यावर नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाने व्यायामोपचारासाठी आठवड्यातून दोन-तीन वेळा करावा, ही अपेक्षाच अव्यवहार्य होय. १९५५ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था मुंबईत हाजीअली येथे कार्यरत आहे. परंतु तेथवर पोहोचण्यासाठी अगोदर गाडीत शिरता आले पाहिजे! त्यामुळे वसई-विरारमधील अनेक रुग्णांच्या बाबतीत पुनर्वसनाचा मोठा भाग घरीच पार पाडावा लागतो.

घरचा व्यायाम म्हणजे दुय्यम उपचार, असे मात्र समजण्याचे कारण नाही. कमरेच्या सरकलेल्या चकतीवरील शस्त्रक्रियेनंतरच्या पुनर्वसनाविषयी अनेक चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवड्यांनी व्यायाम सुरू केल्यास, काहीच न करण्याच्या तुलनेत, वेदना व असमर्थता लवकर कमी होतात, असे त्यात आढळले. देखरेखीखालील आणि घरी केलेल्या व्यायामात लक्षणीय फरक दिसला नाही. अर्थात याविषयीचा पुरावा भक्कम नाही.

खरी अडचण सातत्याची असते. दुखणे थोडे कमी झाले, की व्यायाम सुटतो. येथे मोबाईल ॲप उपयोगी पडते. ते वेळेवर आठवण देते, चाललेली पावले मोजते, हालचालीचे चित्रण दाखविते आणि रोजच्या वेदनेची शून्य ते दहा अशी नोंद ठेवते. पुढील भेटीत ही नोंद भौतिकोपचारतज्ज्ञास दाखविता येते. ‘बरे आहे’ या मोघम उत्तरापेक्षा ती केव्हाही अधिक बोलकी.

मात्र कोणती शस्त्रक्रिया झाली, हे सर्वसाधारण ॲपला ठाऊक नसते. चकतीचा भाग काढलेल्या आणि मणके जोडलेल्या रुग्णांचे पथ्य एकसारखे नसते. काही ॲप कॅमेऱ्याद्वारे हालचाल तपासतात; तथापि समोर ठेवलेल्या कॅमेऱ्याला कंबर किती वाकली हे नीट दिसत नाही. रुग्णाचा व्यवसायही त्यांच्या हिशेबात नसतो. वसईच्या वाडीत ओणवे राहून भाजी खुडणारा शेतकरी, अर्नाळ्याची मासळीची पाटी उचलणारी कोळीण आणि कार्यालयात बसून काम करणारा कर्मचारी यांना कामावर परतण्यासाठी निरनिराळी तयारी करावी लागते.

म्हणून सर्वांत साधा मार्गच अधिक भरवशाचा दिसतो. भौतिकोपचारतज्ज्ञाने नेमून दिलेला व्यायाम त्यांच्यासमोर करावा आणि त्याचे चित्रण नातेवाइकाने स्वतःच्या मोबाईलवर करून घ्यावे. कुशीवर वळून हातांच्या आधाराने उठणे, पोटाचे स्नायू आवळणे, श्वास न रोखणे, हे सारे मराठीतील सूचनांसह पुन्हा पाहता येते. ॲप केवळ आठवण व नोंद यांसाठी वापरावे. व्यायाम वाढविण्याची त्याची सूचना तज्ज्ञास विचारल्याशिवाय पाळू नये.

लघवी वा शौचावरील ताबा जाणे, जांघेत बधिरता येणे, पायातील शक्ती एकाएकी कमी होणे, ताप येणे, जखमेतून स्राव होणे किंवा पोटरी सुजून दुखणे, यांपैकी काहीही आढळल्यास मोबाईल बाजूला ठेवून रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी राज्यात १०८ हा क्रमांक आहे.