दोरीची फळी: भाचीसाठी कानमंत्र

पोरी, रिकर्व्ह धनुष्याची दोरी घरीच करायची म्हणतेस, तर कर. बाजारच्या तयार दोऱ्या काही वाईट नसतात. पण स्पर्धेला निघालीस की पिशवीत दोन दोऱ्या हव्यात आणि त्या जुळ्या हव्यात. पहिली दोरी दोन खिळ्यांवरसुद्धा होते. जिग, म्हणजे धागा गुंडाळायची फळी, करायची ती दुसरीसाठी. एवढं लक्षात ठेवून पुढचं वाच.

१. फळी सहा फुटी, सरळ आणि पूर्ण वाळलेली घे, सुताराकडे सागाचा उरलेला तुकडा असेल तर मागून बघ – ६८ इंची धनुष्याची दोरी ६५ इंचांच्या आसपास भरते, आणि ओलं लाकूड चैत्रात वाकलं की मापही वाकतं.

२. दोन बाय चारची फळी आडवी टाकू नकोस, उभी ठेव – तीच फळी उभी केली की चौपट ताठ होते, आणि त्यासाठी एक रुपयाही जास्त लागत नाही.

३. दोन्ही टोकांना फिरते आडवे हात हवेत, प्रत्येकावर दोन खुंट. एक हात फळीला कायमचा बसव, दुसरा सरकत्या ठोकळ्यावर घे, आणि त्या ठोकळ्याला दोन सी-क्लॅम्प लाव – एकाच क्लॅम्पवर ठोकळा गुपचूप फिरतो. ढिला क्लॅम्प, वेडा बाण.

४. आता खरी गोम. हात ज्या बोल्टवर फिरतो तो दोन खुंटांच्या अगदी मधोमध हवा. पट्टीने मोज, डोळ्याने नको. हात फळीच्या रेषेत असताना तू धागा गुंडाळणार, मग हात काटकोनात फिरवून लूपवर सर्व्हिंग, म्हणजे वरून गुंडाळायचा धागा, चढवणार – बोल्ट मधोमध असला तर दोन्ही वेळा धाग्याचा घेर तेवढाच राहतो, नाहीतर हात फिरवताच धागे सैल पडतात किंवा करकचतात.

५. खुंटांसाठी बोल्ट वापरलेस तर आट्यांवरून धागा नेऊ नकोस, बोल्टवर गुळगुळीत नळीचा तुकडा चढव आणि तिची कड पॉलिश पेपरने मार – आटे धागा कापतात, आणि कापलेला धागा त्या दिवशी दिसत नाही.

६. खुंट आखूड ठेव, हाताच्या पट्टीला वरून एक नट आणि खालून एक, मध्ये वायसर – उंच खुंट ताणाखाली आत झुकतो. वायसर चार जास्तच आण, ते कायम कपाटाखाली जातात.

७. एक फेरा म्हणजे दोन धागे, हे फळीवरच पेनने लिहून ठेव. बारा धाग्यांना सहा फेरे – मोजताना मध्येच कुणीतरी चहा विचारतं आणि दोरी चौदा धाग्यांची होते.

८. धाग्याची सुरुवात आणि शेवट दोन्ही एकाच हाताच्या दोन खुंटांमध्ये आण – तिथेच लूपची सर्व्हिंग येते, गाठ तिच्याखाली झाकली जाते.

९. वरचा लूप खालच्यापेक्षा अर्धा इंच मोठा कर – दोरी उतरवलीस की तो लिम्बवरून खाली सरकायला हवा.

१०. सर्व्हिंग भोवऱ्याला जाळी गुंडाळतो तशी, वेढ्याला वेढा चिकटवून, आणि दोरीला ज्या दिशेने पीळ देणार त्याच दिशेने चढव – मग पीळ दिला की ती आवळते, उलट चढवलीस तर उकलते.

११. शंका आली तर दोरी कणभर लांबच ठेव – ६५ इंचांच्या दोरीला वीस ते तीस पीळ बसतात, त्यात जास्तीची लांबी जिरते. लांब दोरीला पीळ असतो, आखूड दोरीला नुसता पश्चात्ताप.

१२. इंडियन राउंडचं बांबूचं धनुष्य किंवा कुणाचं जुनं लाकडी धनुष्य असेल तर डेक्रॉनच वापर, फास्ट फ्लाइटच्या मोहात पडू नकोस – डेक्रॉन थोडं ताणून धक्का पोटात घालतं. न ताणणाऱ्या दोरीचा धक्का थेट टोकांना बसतो आणि टोकं फुटतात. यात दुकानदाराचंही ऐकू नकोस.

१३. आदिती स्वामी आपल्या साताऱ्याची, २०२३ मध्ये बर्लिनला कंपाऊंडमध्ये जगज्जेती झाली, म्हणून उद्या मैत्रिणीच्या कंपाऊंडची दोरी या फळीवर करायला घेशील. नको – ती दोरी तीनशे पौंडांच्या आसपास ताणून करतात, आपली लाकडी फळी तेवढ्यात तुटून तोंडावर येईल. तुझी वाट रिकर्व्ह तिरंदाज प्रवीण जाधवची. तिला ही फळी पुरते.

१४. मधल्या सर्व्हिंगची जाडी नॉकवर तपास. बाण दोरीला अडकवून खाली लोंबू दे, दोरीला टिचकी मार. टिचकीने सुटला तर बरोबर – न मारताच पडला तर सर्व्हिंग बारीक, मारूनही चिकटून राहिला तर जाड.

१५. नवी दोरी स्ट्रिंगरनेच चढव, पाय घालून नको – पायाने लिम्ब पिळतात. चढवल्यावर ब्रेस हाइट मोज, दोन-तीन डझन बाण मारून पुन्हा मोज – नवी दोरी बसते, पहिल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

१६. धागा कोणता, फेरे किती, खुंटांमधलं अंतर किती, पीळ किती, सगळं एका वहीत लिही, आणि फळीवर खूण पेन्सिलीने नको, करवतीने कर – पेन्सिल पुसली जाते, आणि दुसरी दोरी त्या खुणेवरच पहिलीची जुळी होते. दुसरी तयार झाली की तिच्यावरही थोडे बाण मारून ठेव, कोरी पिशवीत नेऊ नकोस.

१७. एक जरी धागा तुटलेला दिसला तर दोरी कापून टाक, गाठ मारून चालवू नकोस. कापूनच टाक – नुसती बाजूला ठेवलेली दोरी घाईत पुन्हा धनुष्यावर चढते.

रविवारी येतोय. फळी आणून ठेव, ड्रिल मी आणतो. पण भोकं तू पाडायचीस.