द्राख्मा, तोळा आणि ग्रॅम

लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील त्या बाईचा दृष्टांत आपणां सर्वांस ठाऊक आहेच. तिच्या दहा नाण्यांतील एक हरवले, म्हणून तिने दिवा लावून सारे घर झाडून काढले. ते नाणे म्हणजे ग्रीकांची द्राख्मा. हा पाठ चालू असता एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, तिच्यात चांदी किती तोळे होती?" प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर देताना आम्हां सर्वांनाच थोडे शिकावे लागले.

प्रथम आपली मापे पाहू. ८ गुंजांचा १ मासा आणि १२ माशांचा १ तोळा. तोळा ११.६६४ ग्रॅमांचा, म्हणून मासा ०.९७२ ग्रॅम व गुंज ०.१२१५ ग्रॅम भरते. ग्रीकांच्या येथे ६ ओबोलांची १ द्राख्मा, १०० द्राख्मांची १ मिना आणि ६० मिनांचा १ तलांत होत असे. अथेन्स नगरीची द्राख्मा सुमारे ४.३ ग्रॅमांची होती. तीस ०.१२१५ ने भागले की ३५ गुंजांहून किंचित अधिक, म्हणजे ४ मासे ३ गुंजा आणि वर थोडे, असे उत्तर येते. प्रभू येशूच्या काळी द्राख्मा रोमी दिनाराच्या तोडीची समजत व तिचे वजन ४ ग्रॅमांच्या आतच असे. तेव्हा त्या बाईची हरवलेली चांदी चार माशांच्या आसपास होती, आणि तिची सारी पुंजी साडेतीन तोळ्यांच्या आतच होती.

त्याच विद्यार्थ्याने पुढे नाण्यांच्या एका पुस्तकात वाचले की, मिनांडर राजाची द्राख्मा ३७.८ ग्रेन वजनाची असे. ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. गुणाकार करता २.४५ ग्रॅम आले. त्याने तत्काळ निकाल दिला: एक तर नाणे फार झिजले असावे, नाही तर राजाने रयतेस फसविले असावे! गुणाकार बिनचूक होता. न्याय मात्र चुकला. पाहा, एका राजावर नाहक चोरीचा आळ आला.

कारण द्राख्मा हे नाव एक, पण वजने अनेक. एजिना बेटाची द्राख्मा ६ ग्रॅमांहून थोडी जड, म्हणजे सुमारे ५० गुंजांची; अथेन्सची ३५ गुंजांची. हिंदुकुशाच्या दक्षिणेस राज्य करणाऱ्या ग्रीक राजांनी येथील व्यवहारास सोयीचे असे हलके परिमाण घेतले. त्यांची द्राख्मा २.४५ ग्रॅमांची, म्हणजे जवळजवळ २० गुंजांची, अडीच माशांची. मिनांडरचे नाणे आपल्या मापाने पूर्ण होते. म्हणून गणित मांडण्यापूर्वी 'कोणाची द्राख्मा?' हे विचारले पाहिजे.

हा विषय आपल्या मुलखाला परका नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'एरिथ्रियन समुद्राचे वर्णन' या ग्रंथात पैठण व तगर या गावांचा उल्लेख आहे. तगर म्हणजे लातूरच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. तेथील जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरी जात असे. आणि त्याच भडोचेत, मिनांडर मरून शतकाहून अधिक काळ लोटला असताही, त्याच्या व अपोलोडोटसच्या जुन्या द्राख्मा चालत होत्या, असे तो ग्रंथकार नमूद करतो. पुढे नहपान क्षत्रपाची चांदीची नाणी त्याच हलक्या वळणाची निघाली. त्यांवर ग्रीक अक्षरेही आहेत. नाशिकजवळ जोगलथेंबी येथे १९०६ साली अशा नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा सापडला. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता.

पालकांपैकी ज्यांनी आपल्या आजोबांच्या तोंडून 'हाली' व 'कलदार' हे शब्द ऐकले असतील, त्यांस हे सांगणे नलगे. दोन्ही रुपयेच. परंतु १९४० पूर्वीचा कलदार ११.६६४ ग्रॅमांचा असून त्यात बारांत अकरा भाग शुद्ध चांदी, म्हणजे १०.६९ ग्रॅम, निजामाचा हाली ११.१७८ ग्रॅमांचा व त्यात हजारी ८१८ भाग, म्हणजे ९.१४ ग्रॅम. भागाकार केला तर १०० कलदारांस जवळजवळ ११७ हाली पडतात. बाजारातला भावही साधारण तोच, सहा कलदारांस सात हाली, असा असे. सराफ केवळ वजन पाहत नसे, कसही पाहत असे. द्राख्मेचे गणित करताना आपण तो भाग सोडून दिला आहे, हे ध्यानात असू द्यावे.

ज्यांस हौस असेल त्यांनी माहूरच्या रानात गुंजेच्या वेली शोधून शंभर बिया वेचाव्यात व प्रयोगशाळेच्या तराजूवर तोलाव्यात. हिशोबाने १२.१५ ग्रॅम यावयास हवेत. नेमके तितके क्वचितच येतील, कारण कोणतीही दोन बीजे सारख्या वजनाची नसतात. आलेला आकडा शंभराने भागून, तुमची स्वतःची गुंज किती ग्रॅमांची ठरते ते वहीत लिहावे, आणि मिनांडरची द्राख्मा तीच गुंज धरून पुन्हा मोजावी.